रत्नागिरीच्या सड्यांवरील वाटा व सायकलभ्रमण

रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रालगतच्या जांभ्या दगडाच्या सपाट पठारांना सडा असे म्हणतात. या सड्यांवरून गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि वाडीवाडीला जोडणाऱ्या जुन्या पायवाटा गेलेल्या आहेत. अलीकडच्या काळात पर्वतीय सायकल, अर्थात माउंटन बाईक, वापरणारे हौशी सायकलस्वार या वाटांकडे वळले आहेत. या वाटा सायकलींसाठी आखलेल्या नाहीत. त्यांची स्थिती पावसाबरोबर बदलते. वैशाखात खडखडीत आणि मजबूत वाटणारा सडा आषाढात शेवाळाने निसरडा होतो, तर भाद्रपदात फुलांनी व पाणथळींनी भरून जातो.

पावसानंतर सडा चालण्यास आणि सायकल चालविण्यास सर्वाधिक आकर्षक असतो. त्याच काळात तो सर्वाधिक नाजूकही असतो. खडक कठीण असला तरी त्यावरील मातीचा पातळ थर, हंगामी वनस्पती, उथळ डबकी आणि प्राचीन कातळशिल्पे चाकाखाली सहज बिघडतात. त्यामुळे येथील जबाबदार सायकलभ्रमणात वाट सुकण्याची वाट पाहण्याबरोबरच रुळलेली वाट न सोडणे हा महत्त्वाचा नियम ठरतो.

परिभाषा

जांभा हा लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा तांबडा, सच्छिद्र दगड होय. ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळमधील अशाच दगडासाठी ‘लॅटेराइट’ ही संज्ञा वापरली. तिचे मूळ वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. खाणीतून घडवून काढलेल्या जांभ्याच्या ठोकळ्याला चिरा आणि खाणीला चिरेखाण म्हणतात. उघड्या खडकाच्या विस्ताराला कातळ हा शब्द रूढ आहे.

सड्यावरून खाली वाडीत किंवा किनाऱ्याकडे उतरणाऱ्या चढणीच्या वाटेला घाटी म्हणतात. वस्तीतून जाणारी, जांभ्याच्या पायऱ्यांनी किंवा फरशीने बांधलेली अरुंद वाट म्हणजे पाखाडी. मातीचुन्याशिवाय रचलेल्या दगडी कुंपणाला गडगा, कुंपणातील काठ्यांच्या फाटकाला बेडे आणि लहान ओढ्याला पऱ्या किंवा वहाळ असे म्हणतात.

भूरचना

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील रत्नागिरी जिल्ह्याची भूमी सपाट नाही. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी इत्यादी नद्या व त्यांच्या खाड्यांनी ती तोडली गेली आहे. दोन खाड्यांच्या मधला उंच, माथ्यावर सपाट असा भाग म्हणजे सडा. किनाऱ्यालगतच्या सड्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारणपणे ५० ते २०० मीटर असते. सड्याच्या कडा तीव्र उताराच्या असून उतारावर झाडी, आंबा-काजूच्या बागा आणि वाड्या आढळतात. तळाशी भातखाचरे व नारळी-पोफळीची आगरे असतात.

उष्ण आणि आर्द्र हवामानात मूळ बेसाल्ट खडकाचे दीर्घकाळ विदारण होऊन जांभा तयार झाला आहे. पावसाच्या पाण्याबरोबर सिलिका व इतर विद्राव्य घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमचे संयुगे मागे उरतात. हवेच्या संपर्कात हा थर कठीण होतो व सड्याच्या माथ्यावर कवच तयार होते. कवचाखालचा थर तुलनेने मऊ आणि चिकणमातीयुक्त असतो. कवच शाबूत असेपर्यंत सडा झिजेला दाद देत नाही. ते फुटले किंवा कडेला उघडे पडले की खालची माती पावसात वेगाने धुपते.

जांभा सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेल्या पावसाचा काही भाग खडकात मुरतो आणि कडेच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. अनेक वाड्यांच्या विहिरी व पाणवठे याच पाण्यावर अवलंबून असतात. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असूनही एप्रिल-मे महिन्यांत पुष्कळ वाड्यांना पाणीटंचाई जाणवते. त्यामुळे सडा ही ओसाड जमीन नसून खालच्या वस्तीचे पाणलोट क्षेत्र होय.

वाटांचे प्रकार

सायकलस्वाराच्या दृष्टीने सड्याच्या परिसरातील वाटांचे चार प्रकार पडतात.

कातळवाटा: उघड्या खडकावरून जाणाऱ्या या वाटा पावलांनी व गुरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेल्या असतात. पुष्कळ ठिकाणी वाट म्हणजे खडकावरील फिकट पट्टा एवढीच खूण असते. धुक्यात किंवा जोराच्या पावसात ती दिसेनाशी होते.

मातीच्या वाटा: सड्यावरील खोलगट भागांत आणि कडेच्या उतारावर तांबडी माती साचलेली असते. ही माती ओली असताना चाकाला चिकटते आणि वाळल्यावर तिचा बारीक भुरका होतो. उतारावरच्या मातीच्या वाटा पावसाने सर्वांत लवकर बिघडतात.

घाट्या व पाखाड्या: सडा आणि वस्ती यांना जोडणाऱ्या या वाटा पायी चालण्यासाठी बांधलेल्या आहेत. पायऱ्या आखूड, वळणे तीव्र आणि दोन्ही बाजूंना घरे वा गडगे असतात. शाळेतील मुले, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, गवताचे व लाकडाचे भारे वाहणारी माणसे यांची त्यांवर नित्य ये-जा असते. येथे सायकल हातात धरून नेणे हेच उचित मानले जाते.

बागवाटा व खाणवाटा: आंब्याच्या कलमबागांपर्यंत आणि चिरेखाणींपर्यंत वाहने नेण्यासाठी केलेले कच्चे रस्ते रुंद असतात. सायकल चालविण्यास ते सोपे असले तरी बहुधा खासगी असतात. सोडून दिलेल्या चिरेखाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात. त्यांच्या कडा सरळ तुटलेल्या असून कठडा क्वचितच असतो.

ऋतुमानानुसार वाटांची स्थिती

जून व जुलै: नैर्ऋत्य मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मृग नक्षत्राच्या सुमारास, दक्षिण कोकणात पोहोचतो. पहिल्या सरींमध्ये उन्हाळ्यात साचलेला भुरका आणि सुटी खडी वाहून जाते व घाट्यांवर नवे ओघळ पडतात. जुलै हा सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक होय. या काळात कातळावर शेवाळ धरते. ते प्रथम हिरवे आणि पुढे काळसर दिसते. काळसर शेवाळ कोरड्या खडकासारखे भासत असल्याने अधिक फसवे ठरते. पऱ्यांना अचानक पाणी येते. मातीच्या वाटांवर सायकल चालविणे या दोन महिन्यांत टाळणे योग्य असते.

ऑगस्ट व सप्टेंबर: सरींमध्ये उघडीप मिळू लागते. सड्यावर गवत वाढते आणि हंगामी फुलांचे ताटवे उमलतात. गौरी-गणपतीच्या सणासाठी चाकरमानी गावी येतात व वाटांवरील वर्दळ वाढते. उघडा कातळ उन्हात काही तासांतच वाळतो, परंतु खोलगट भागांतील माती अनेक दिवस पाणी धरून ठेवते. त्यामुळे एकाच वाटेवर शंभर पावले कोरडा खडक आणि पुढची दहा पावले चिखल, असा अनुभव येतो. वाट सोडून बाजूने जाण्याचा मोह याच काळात सर्वाधिक होतो.

ऑक्टोबर: हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. सकाळ स्वच्छ असली तरी सायंकाळी विजा चमकतात. सड्यावर झाडांचा किंवा इमारतींचा आसरा नसल्याने मोकळ्या माथ्यावर माणूस हाच सर्वांत उंच ठरण्याचा धोका असतो. याच महिन्यात अनेक हंगामी वनस्पती बी धरतात. खाली खाचरांत भातकापणी चालू असते व बांधांवरच्या वाटा शेतकऱ्यांना कामासाठी लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सायकलभ्रमणासाठी हा सर्वांत अनुकूल काळ होय. माती घट्ट बसलेली असते, शेवाळ वाळून झडते आणि हवा सौम्य असते. सकाळच्या दवामुळे कातळ व पाखाड्या सूर्योदयानंतर काही वेळ निसरड्या राहतात. सड्यावरील गवत कापून भारे बांधण्याचे काम हंगामाच्या प्रारंभी चालते. हे गवत गुरांची बेगमी असल्याने न कापलेल्या गवतातून सायकल नेणे शेतकऱ्याच्या नुकसानीचे ठरते. याच सुमारास आंब्याला मोहोर येतो आणि बागांमध्ये फवारणी होते.

मार्च ते मे: कातळ दुपारी अतिशय तापतो. उतारांवर सुटी खडी साचून चाक सरकते. वाळलेल्या गवताला ठिणगी लागली की वणवा पेटतो व वाऱ्याने तो थेट बागांपर्यंत पोहोचतो. आंबा काढणीचा हा हंगाम असल्याने बागवाटांवर वाहनांची ये-जा असते. पिण्याचे पाणी वाटेत मिळेलच असे गृहीत धरता येत नाही.

पावसानंतर चाकांचा परिणाम

पर्वतीय सायकलिंग हा क्रीडाप्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आकाराला आला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला. वाटांचे रक्षण हा विषय या खेळाच्या प्रसाराबरोबरच पुढे आला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने यासंबंधी आचारसंहिता प्रसृत केली. खुल्या वाटांवरच सायकल चालविणे, मागे खूण न ठेवणे, वेगावर ताबा राखणे, इतरांना वाट देणे, प्राण्यांना न घाबरविणे आणि पूर्वतयारी करणे ही तिची मुख्य सूत्रे होत.

मातीच्या वाटेवर ओल असताना सायकल गेली तर चाकाची चर पडते. पुढच्या पावसाचे पाणी पसरून न जाता त्या चरीतून वाहते, तिला खोल करते आणि वाटेचा नाला होतो. तीव्र उतारावर ब्रेक लावून चाक घसरविल्यास हीच प्रक्रिया अधिक वेगाने घडते. कोकणातील पावसाचे प्रमाण पाहता एका चरीचा ओघळ होण्यास एक पावसाळा पुरेसा ठरू शकतो. घाटीच्या वाटेवरून वाहून गेलेली माती खालच्या खाचरात किंवा पाणवठ्यात जाऊन बसते.

सड्याच्या माथ्यावर मात्र हानीचे स्वरूप वेगळे असते. उघड्या कातळावर चाकाची चर पडत नाही. म्हणून सड्यावर सायकलीने काहीच बिघडत नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात खडकाच्या खळग्यांत साचलेला मातीचा थर अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरच जाडीचा असतो. वाटेवरील डबके टाळण्यासाठी सायकल बाजूला वळविली की चाक याच थरावरून जाते. एकाने काढलेल्या मागावरून दुसरा जातो, तोही माग ओला झाल्यावर तिसरा आणखी बाहेरून जातो. अशा रीतीने हातभर रुंदीची वाट काही काळात गाडीवाटेएवढी होते. उलट, वाटेवरील उथळ डबक्यातून सायकलवरून उतरून सरळ पलीकडे गेल्यास हानी रुळलेल्या पट्ट्यापुरतीच मर्यादित राहते.

सड्यांच्या एकूण ऱ्हासात सायकलींचा वाटा अल्प आहे. चिरेखाणी, कातळ फोडून केलेली बागायत, बांधकामे आणि चारचाकी वाहने यांचा परिणाम कितीतरी मोठा आणि कायमचा असतो. तथापि सायकलीने पडलेला नवा माग पुढे मोटारसायकलींना आणि त्यामागून चारचाकींना वाट दाखवितो. त्यामुळे पहिला माग न पाडण्याला महत्त्व आहे.

सड्यावरील जीवसृष्टी

महसुली व्यवहारात सड्यांची गणना बहुधा पड किंवा लागवडीस अयोग्य जमिनीत होते. पावसाळ्यातील चार महिन्यांत मात्र येथे वैशिष्ट्यपूर्ण वनस्पतिजीवन आढळते. मातीत पोषक द्रव्ये अत्यल्प असल्याने सीतेची आसवे व दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती येथे तग धरतात. गेंद, तेरडा यांच्या विविध जाती, जमिनीवर वाढणाऱ्या आमरी आणि अनेक प्रकारची गवते यांचे ताटवे दिसतात. दिपकाडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती किनाऱ्यालगतच्या जांभ्या सड्यांवर आढळते. तिचा प्रसार मर्यादित प्रदेशापुरताच आहे.

यांपैकी बऱ्याच वनस्पती वर्षायू आहेत. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे त्या एका पावसाळ्यात आटोपतात. फूल तुडविले गेले तर ते बी धरत नाही आणि पुढील वर्षी त्या खळग्यात उगवण घटते. कंदवर्गीय वनस्पतींबाबत ओल्या मातीवर दाब पडून कंद उघडा पडण्याची भीती असते. हंगामी डबकी बेडकांच्या प्रजननासाठी उपयोगी पडतात. डबक्यातून वेगाने सायकल नेल्यास अंडी व बेडकाची पिल्ले कडेला फेकली जातात.

सुटे दगड हेही सड्यावरील महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही जमिनीवर वावरणारी लहान पाल १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावाच्या परिसरातील नमुन्यांवरून विज्ञानाला ज्ञात झाली. ती दक्षिण कोकणातील जांभ्या सड्यांपुरतीच मर्यादित असून दिवसा दगडांखाली राहते. उड्या मारण्यासाठी चढाव रचणे, वाटेच्या खुणेसाठी दगडांचे ढीग करणे किंवा केवळ कुतूहलाने दगड उलटणे यांमुळे अशा प्राण्यांचा निवारा नष्ट होतो. फुरसे हा विषारी सापही अशाच दगडांखाली व खडकाच्या फटींत आढळतो.

सातारा जिल्ह्यातील कास पठार हेही जांभ्याचेच, परंतु सुमारे १,२०० मीटर उंचीवरील पठार आहे. तेथे फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा घालून प्रवेश नियंत्रित केला जातो. रत्नागिरीचे सडे विखुरलेले असून बहुसंख्य खासगी मालकीचे आहेत. तशी व्यवस्था येथे करणे अवघड असल्याने येणाऱ्याच्या संयमावर अधिक भार पडतो.

कातळशिल्पे

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर खडकाचा पृष्ठभाग खोदून काढलेल्या प्राचीन आकृती आढळतात. त्यांना कातळशिल्पे किंवा कातळखोद चित्रे म्हणतात. हत्ती, गेंडा, वाघ, मासे, पक्षी, मानवाकृती आणि भौमितिक रचना असे त्यांचे विषय आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून केलेल्या पद्धतशीर शोधामुळे या शिल्पांची संख्या व विस्तार समोर आला. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात.

२०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या सात स्थळांबरोबर सिंधुदुर्गातील कुडोपी व गोव्यातील पणसायमळ ही स्थळे आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत.

या शिल्पांच्या रेषा उथळ असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी व माती साचते, गवत उगवते आणि आकृती दिसेनाशी होते. त्यामुळे पावसानंतरच्या आठवड्यांत सायकलस्वार नकळत शिल्पावरून जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. चाकाखाली आलेले खडे रेषांच्या कडा झिजवितात व तडा गेलेल्या कातळाच्या कपच्या निघतात. काही स्थळांभोवती चिऱ्यांचे कुंपण आहे, परंतु बहुसंख्य शिल्पे उघड्यावरच आहेत. शिल्प पाहण्यासाठी सायकल दूर उभी करून पायी व अनवाणी जाणे, रेषांमध्ये खडू किंवा रंग न भरणे आणि पाणी न ओतणे हे संकेत पाळले जातात. माहीत नसलेली आकृती आढळल्यास ग्रामपंचायतीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळविणे योग्य ठरते.

जबाबदार सायकलभ्रमणाचे संकेत

वरील परिस्थितीवरून सड्यांवरील सायकलभ्रमणासाठी पुढील संकेत उपयुक्त ठरतात.

१. जोराच्या पावसानंतर प्रथम मातीच्या घाट्या टाळाव्यात. डांबरी किंवा खडीच्या रस्त्याने सड्यावर चढून पुढे कातळवाट धरणे अधिक सुरक्षित असते.

२. मातीच्या वाटेवर टाच दाबून पाहावी. ठसा उमटून त्यात पाणी आले, किंवा माती चाकाला चिकटून फिरू लागली, तर वाट अद्याप तयार नाही असे समजून परत फिरावे.

३. डबके किंवा चिखल आडवा आल्यास बाजूने नवा माग काढू नये. उतरून, सायकल हातात धरून रुळलेल्या वाटेनेच पलीकडे जावे.

४. उतारावर चाके घसरवू नयेत. दोन्ही ब्रेक हळूहळू लावून वेग आधीच कमी करावा.

५. फुलांच्या ताटव्यात सायकल आडवी टाकून छायाचित्रे काढू नयेत. थांबण्यासाठी उघडा कातळ निवडावा.

६. गुरे दिसल्यास उतरावे व गुराख्याला विचारून पुढे जावे. बिथरलेली गुरे कड्याकडे किंवा पिकात शिरू शकतात.

७. बेडे ज्या स्थितीत आढळले त्याच स्थितीत ठेवावे. गडग्याचे दगड काढून वाट करू नये.

८. सायकल विहिरीवर, पाणवठ्यावर किंवा झऱ्यावर धुऊ नये. साखळीचे तेल पिण्याच्या पाण्यात जाते.

९. टायरमध्ये अडकलेला चिखल जेथल्या तेथे झाडून टाकावा. त्यातून रानमोडीसारख्या आक्रमक तणांचे बी एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जाऊ शकते.

१०. नवी वाट सापडल्यास तिचा नकाशा समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करण्यापूर्वी जमीनमालकाचा व गावाचा विचार घ्यावा.

मालकी आणि गावाचे हक्क

सड्यावरील जमीन अनेकदा एकाच कुटुंबाच्या अनेक हिस्सेदारांची सामाईक असते. काही जमीन देवस्थानाची किंवा गायरान म्हणून असते. सड्यालगतच्या देवराया ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या असतात व तेथे पादत्राणे घालून किंवा वाहन घेऊन जाणे निषिद्ध मानले जाते. पायवाटांवर गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. ती पायी चालण्यासाठी आणि गुरे नेण्यासाठी आहे. करमणुकीसाठी येणाऱ्याने ती आपलाही हक्क समजणे योग्य नाही. एखाद्या वाटेवर नियमितपणे किंवा गटाने जायचे असल्यास ग्रामपंचायतीशी व संबंधित मालकांशी आधी बोलणे आवश्यक असते.

पावसाने बिघडलेली वाट दुरुस्त करण्याचे काम परंपरेने वाडीतील लोक श्रमदानाने करतात. दिवाळीच्या आगेमागे घाटीवरील झुडपे तोडली जातात, निसटलेले चिरे पुन्हा बसविले जातात आणि पाणी बाजूला काढण्यासाठी आडवे चर खणले जातात. वाट वापरणाऱ्या सायकलस्वारांनी या कामात सहभागी होणे हा गावाशी नाते जोडण्याचा उत्तम मार्ग ठरतो. आडवा चर सायकलीला अडथळा वाटला तरी तो बुजवू नये. वाट टिकण्याचे श्रेय त्यालाच असते.

सुरक्षितता

शेवाळलेल्या कातळावर वळताना किंवा ब्रेक लावताना चाक आडवे सरकते. अशा ठिकाणी सायकल सरळ रेषेत व मंद वेगाने न्यावी किंवा उतरावे. रुंद टायर आणि किंचित कमी हवा यांमुळे पकड सुधारते, मात्र ओल्या शेवाळावर कोणताही टायर विश्वासार्ह नसतो. लाल मातीतील कणांमुळे ब्रेकचे रबर लवकर झिजते. म्हणून पावसाळ्यात त्याची वारंवार तपासणी करावी लागते.

पऱ्याचे पाणी गढूळ आणि वाढते असल्यास तो ओलांडू नये. सड्यावरचा पाऊस थोड्याच वेळात पऱ्यांतून खाली उतरतो. विजा चमकू लागल्यास माथा सोडून सखल भागात यावे आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. दाट धुक्यात वाट चुकल्यास कड्याचा किंवा चिरेखाणीचा धोका असल्याने पुढे न जाता थांबणे हितावह असते. लोहयुक्त खडकामुळे सर्वच ठिकाणी होकायंत्रावर विसंबता येत नाही. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ चुंबकसूची विचलित होत असल्याची नोंद आहे.

सर्पदंश झाल्यास चीर देणे, रक्त शोषणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे हे प्रकार टाळून दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा व रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. भारतात उपलब्ध असलेली बहुगुणी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर वापरली जाते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव होतो. हा रोग जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून, विशेषतः जखमांवाटे, शरीरात शिरतो. पायाला जखम असताना चिखलातून जाणे टाळावे आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना चिखलाशी आलेल्या संपर्काची माहिती द्यावी.

हेही पहा

जांभा
कातळशिल्पे
कास पठार
देवराई
रत्नागिरी जिल्हा